४,२९,४९,६७,२९७ : हुकलेला पाचवा भागाकार

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहा अंकी ही संख्या बनवायला सोपी आहे. २ चा ३२वा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. १६४० साली तुलूझच्या न्यायसभेत नोकरीला असलेल्या पिएर द फर्माने बर्नार फ्रेनिकल या आपल्या गणितप्रेमी मित्राला पत्रातून कळवलं की ही मूळ संख्या आहे असं आपल्याला जवळजवळ खात्रीने वाटतं. १७३२ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पंचविशीतल्या लिओनार्ड ऑयलरने दाखवून दिलं की तिला ६४१ने निःशेष भाग जातो.

मधे ९२ वर्षं गेली. ६४१ हा काही दडून बसलेला विभाजक नाही. मूळ संख्यांच्या यादीत तो ११६वा आहे. २ सोडून द्या, ३ पासून सुरुवात करा आणि एकेका मूळ संख्येने निमूट भाग देत चला, ११५व्या भागाकाराला उत्तर हातात येतं. फर्मा तर साधा आकडेमोड करणारा माणूस नव्हता. हे ११५ भागाकार पाचावर आणणारं हत्यार त्याने स्वतः घडवलं होतं, तेही त्याच वर्षी. म्हणून एका संख्येचं प्रकरण म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं: संख्येचे गुणधर्म, माणसाचा अंदाज आणि आकडेमोड या तिन्ही गोष्टी इथे एका जागी तपासता येतात.

अंदाज कुठून आला

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घातांकाला एक अट पाळावीच लागते. त्याला ३, ५, ७ असा एकही विषम विभाजक असता कामा नये. २ चा १२वा घात अधिक १ म्हणजे ४०९७ घ्या. १२ मध्ये ३ हा विषम विभाजक आहे, त्यामुळे २ चा चौथा घात अधिक १, म्हणजे १७, याने ४०९७ला भाग जातोच. भागाकार २४१. शाळेत शिकलेलं घनांच्या बेरजेचं सूत्रच इथे कामाला येतं. अट लावली की उरतात ते १, २, ४, ८, १६, ३२ असे, स्वतः २ चे घात असलेले घातांक. त्यांच्यापासून ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली संख्या मिळते. सोयीसाठी त्यांना फ०, फ१, फ२, फ३, फ४ म्हणू, आणि आपली फ५.

पहिल्या पाचही मूळ आहेत. एवढी पाच उदाहरणं ओळीने खरी निघाल्यावर सहावीवर विश्वास बसणं स्वाभाविक आहे, आणि फर्माने तो लपवलाही नाही. पूर्ण सिद्धता आपल्याकडे नाही, पण अनेक विभाजक आपण पक्क्या युक्तिवादाने बाद केले आहेत, असं त्याने फ्रेनिकलला स्पष्ट लिहिलं होतं. १६५४ साली पास्कालला लिहिलेल्या पत्रातही हा प्रश्न पुन्हा येतो. म्हणजे हा एखाद्या संध्याकाळचा विचार नव्हता, चौदा वर्षं त्याच्या मनात घर करून होता.

पाच भागाकार

फ५ चं वर्गमूळ ६५,५३६च्या जरासं पुढे आहे. त्याखालच्या मूळ संख्या ६५४२. संख्या मूळ आहे असं ठामपणे म्हणायचं तर नुसत्या भागाकारांच्या वाटेने त्या सगळ्या तपासाव्या लागतील. फर्माची अवयव पाडण्याची आणखी एक लाडकी रीत होती: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. इथे ती रीत अगदीच तोकडी पडते. फ५ अशी मांडायची तर मोठा वर्ग ३३,५०,५२९चा लागतो, आणि शोध ६५,५३७पासून सुरू होतो. एकेक पायरी चढत जायचं तर सुमारे ३२ लाख ८५ हजार पायऱ्या. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही रीत पावते. ६४१ आणि त्याचा जोडीदार यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

उपयोगी पडते ती वेगळीच गोष्ट. ऑक्टोबर १६४०मध्ये फ्रेनिकललाच लिहिलेल्या पत्रात फर्माने आज त्याच्या नावाने ओळखलं जाणारं छोटं प्रमेय मांडलं. मूळ संख्या म घ्या, तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्या आणि ती (म − १)व्या घातावर न्या; म ने भागल्यावर बाकी १ च राहते. आता समजा, म ने फ५ला निःशेष भाग जातो. म्हणजे २ च्या ३२व्या घाताला म ने भागलं तर बाकी −१ (किंवा म − १, एकच गोष्ट). तिचा वर्ग केला की २ च्या ६४व्या घाताची बाकी १. ज्या सर्वांत लहान घातावर २ ची बाकी १ होते तो घातांक ६४चा विभाजक असणार, पण ३२ किंवा त्याहून लहान असू शकणार नाही, कारण मग ३२व्या घातालाच बाकी १ आली असती. म्हणून तो नेमका ६४. आणि छोटं प्रमेय सांगतं की (म − १)व्या घातालाही बाकी १ आहे, तेव्हा म − १ला ६४ने भाग गेलाच पाहिजे.

एवढ्या चार ओळींनी सगळं मैदान मोकळं होतं. विभाजक मूळ असेल तर तो ६४च्या पटीहून १ ने जास्त असणार. यादी करून पाहू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या संयुक्त आहेत, त्या गेल्या. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकार.

ते प्रत्यक्ष मांडायलाही दहा अंकी संख्येची गरज नाही. २ चा १६वा घात ६५,५३६. त्याची बाकी काढायची, तिचा वर्ग करायचा, पुन्हा बाकी काढायची आणि १ मिळवायचा. १९३ने ६५,५३६ची बाकी १०९, तिच्या वर्गाची १०८, म्हणून फ५ ची बाकी १०९. २५७ने बाकी २. ४४९ने ३२५. ५७७ने २८८. आता ६४१. ६५,५३६मधून ६४१ × १०२ म्हणजे ६५,३८२ वजा केले की उरले १५४. १५४चा वर्ग २३,७१६. आणि ६४१ × ३७ = २३,७१७. एकाने कमी! म्हणजे बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य.

मग फर्माचं हुकलं कुठे? ही युक्ती त्याला सुचली नसेल असं म्हणायला जागाच नाही. जून १६४०मध्ये त्याने गणितज्ञांशी पत्रव्यवहार ठेवणाऱ्या मारँ मर्सेनला कळवलं होतं की २ चा ३७वा घात उणे १ या संख्येला २२३ने भाग जातो. ती संख्या १,३७,४३,८९,५३,४७१, आपल्या फ५ च्या बत्तीसपट. तिथे त्याने नेमका हाच विचार केला: विभाजक ७४च्या पटीहून १ ने जास्त असणार, म्हणून ७५, १४९, २२३. तिसऱ्या उमेदवारालाच काम फत्ते. तोच माणूस, तेच वर्ष, तोच विचार. शिवाय ‘अनेक विभाजक पक्क्या युक्तिवादाने बाद केले’ हे त्याचे शब्दही याच वाटेकडे बोट दाखवतात.

मला पटणारी शक्यता ही की त्याने भागाकार मांडला आणि तो चुकला. सरळ लांब भागाकार करून बघा. पहिले चार अंक ४२९४. त्यात ६४१ सहा वेळा, उरले ४४८. पुढचा ९ उतरवला, ४४८९. सात वेळा, उरले २. मग ६ उतरवला, २६, भाग शून्य. मग ७, २६७, पुन्हा शून्य. मग २, २६७२. चार वेळा, उरले १०८. मग ९, १०८९. एक वेळा, उरले ४४८. शेवटचा ७, ४४८७. बरोबर सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७. मधल्या त्या दोन सलग शून्यांपाशी आकडा उतरवताना गल्लत होणं किती सोपं आहे हे हाताने भागाकार करणाऱ्या कुणालाही कळेल. तिथे चुकलं की शेवटची बाकी भलतीच येते, आणि उत्तर ‘भाग जात नाही’ असंच हवं असेल तर कुणी पुन्हा तपासायला जात नाही. याला कागदोपत्री पुरावा नाही. पण जूनमधला २२३ आणि त्याच वर्षीचं ६४१ यांच्यामध्ये दुसरं कुठलं कारण मला बसवता येत नाही.

पीटर्सबर्गची टीप

डिसेंबर १७२९मध्ये गणितज्ञ मित्र क्रिस्तियान गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात विचारलं: अशा सगळ्या संख्या मूळ असतात हे फर्माचं निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे का? ऑयलरला सुरुवातीला त्यात फारसा रस वाटला नाही. गोल्डबाखने विषय सोडला नाही. संख्यासिद्धांताकडे ऑयलरला ओढण्याचं श्रेय मी तरी या चिकाटीलाच देईन. १७३२मध्ये ऑयलरने अकादमीपुढे छोटंसं टिपण ठेवलं, ते १७३८मध्ये छापलं गेलं. त्यात ६४१ आहे, पण तो कसा सापडला ते नाही. कुणीही करून पाहिलं तर लगेच दिसेल, एवढ्यावर त्याने भागवलं. ६४च्या पटीहून १ ने जास्त, हा नियम त्याने रीतसर सिद्ध केला तो पुढे, १७४०च्या दशकात.

याच पत्रव्यवहारात गोल्डबाखने आणखी एक देखणा गुणधर्म दाखवला. या संख्यांपैकी कोणत्याही दोन घेतल्या तरी त्यांचा मसावि १ च येतो. कारण असं: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. फ५ पेक्षा नेमके दोनने कमी. एखादी संख्या फ५ ला आणि आधीच्या पाचांपैकी कुणालाही भागत असेल तर तिने २ लाही भागलं पाहिजे, आणि या सगळ्या तर विषम. म्हणजे २५७चा भागाकार मांडायचीही गरज नव्हती; बाकी २ येणार हे आधीच ठरलेलं.

१८७८मध्ये एदुआर ल्युकासने ६४च्या जागी १२८ आणले. हे फ५ पुरतं इतक्या सहज दाखवता येतं की इथे थांबणं भाग आहे. १,६७,७६,९६० ही संख्या घ्या. (२ चा २४वा घात, त्यातून २५६ वजा.) तिचा वर्ग २८,१४,६६,३८,६८,४१,६०० असा लांबलचक येतो, पण फ५ ने भागला की भागाकार ६५,५३४ आणि बाकी फक्त २. म्हणजे फ५ च्या बाक्यांच्या हिशेबात २ ला वर्गमूळ आहे. मग आधीचा युक्तिवाद २ ऐवजी या वर्गमूळावर चालवायचा. ६४च्या जागी आपोआप १२८ येतात. आता उमेदवार पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१, त्यात २५७ गोल्डबाखने बाद केलेला. ६४१ हा पहिलाच उमेदवार ठरतो.

जोडीदार ६७,००,४१७ मूळ आहे का? तोही त्याच चाळणीतून जातो. त्याचे मूळ विभाजक फ५ चेही विभाजक, म्हणून १२८च्या पटीहून १ ने जास्त. आणि वर्गमूळ २५८८च्या आसपास. त्या टप्प्यात उरतात ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली.

भागाकारही नको असेल त्याच्यासाठी ६४१ची आणखी एक बाजू आहे. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × २ चा सातवा घात याची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घेतला की ६२५ × २ चा २८वा घात याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५च्या जागी −१६ चालतात, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणून उणे २ चा ३२वा घात याची बाकी १, म्हणजेच फ५ ची बाकी शून्य. एकही मोठा आकडा लिहिला नाही.

दोन वर्गांची साक्ष

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १६४०ला, फर्माने मर्सेनला आणखी एक पत्र लिहिलं: ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच प्रकारे. सिद्धता पुढे ऑयलरने दिली. फ५ उघडच ६५,५३६चा वर्ग अधिक १चा वर्ग आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रकारे ती दोन वर्गांत मांडता आली, तर ती मूळ नाही, हे फर्माच्याच प्रमेयावरून ठरतं. आणि मांडता येते: ६२,२६४चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६, आणि २०,४४९चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज करून बघा.

या दोन मांडण्यांमधून अवयवही बाहेर काढता येतात. ६५,५३६ − ६२,२६४ = ३२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. यांचा मसावि ८. त्याने भागलं की ४०९ आणि २५५६. आता ४०९चा वर्ग अधिक २५५६चा वर्ग किती? १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. मला या संख्येबद्दलची ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ६४१ स्वतः २५चा वर्ग अधिक ४चा वर्ग आहे, आणि २५ × ४०९ = १०,२२५, तर ४ × २५५६ = १०,२२४. फ५ मधला तो एकटा १ या दोघांच्या फरकातून आलेला आहे. अर्थात दुसरी मांडणी आंधळेपणाने शोधायला गेलं तर कष्ट पाच भागाकारांच्या कित्येक पट. हा मार्ग ६४१ शोधण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी आहे.

२ ला न दिसणारी, ३ ला दिसणारी

छोटं प्रमेय उलट बाजूने कसोटी म्हणूनही वापरतात. संख्या मूळ आहे का बघायचं तर २ ला त्या संख्येपेक्षा एकने कमी घातावर न्यायचं. बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही. फ५ या कसोटीत पास होते! २ च्या ६४व्या घाताची बाकी १ आहेच, आणि फ५ − १ हा ६४च्या पटीत आहे, म्हणून बाकी १ येणारच. फ५ च नव्हे, या कुळातली कुठलीही संख्या, मूळ असो वा संयुक्त, २ च्या कसोटीला फसवते. ज्या संख्या २ पासूनच घडल्या त्यांची परीक्षा २ ने घेण्यात अर्थ नाही.

३ घेतला की चित्र पालटतं. १८७७मध्ये तेओफिल पेपँने या कुळासाठी कसोटी दिली: ३ ला (फ५ − १)च्या निम्म्या घातावर न्या. बाकी −१ आली तरच संख्या मूळ. फ५ साठी तो घात २ चा ३१वा घात, म्हणजे ३ घेऊन एकतीस वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी काढायची. शेवटी येतात १,०३,२४,३०३. −१शी याचा काही संबंध नाही, संख्या संयुक्त. आणखी एकदा वर्ग केला तर ३,०२,९०,२६,१६० येते. मूळ असती तर इथे १ आला असता. हाताने दोन-तीन दिवसांचं काम, पण करता येण्याजोगं.

यात एक मोठी गोष्ट आहे. पेपँची कसोटी ‘संयुक्त’ म्हणते, पण एकही अवयव देत नाही. ६४१चं नावही न घेता फ५ चा निकाल लागतो. मूळ आहे की नाही हे ठरवणं आणि अवयव शोधणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा कितीतरी सोपं. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कुठल्याही संख्येसाठी पहिलं काम खात्रीने आणि झपाट्याने करता येतं हे सिद्ध केलं. दुसऱ्या कामासाठी तशी रीत साध्या संगणकांना अजून मिळालेली नाही, आणि आपल्या बँकेच्या व्यवहारांचं कुलूप याच फरकावर टिकून आहे. त्या कुलपांत घातांक म्हणून बहुतेक वेळा जी संख्या वापरतात ती आहे ६५,५३७, आपली फ४.

कंपास आणि पट्टी

३० मार्च १७९६ रोजी, एकोणिसावं पुरं व्हायला महिना असताना, कार्ल फ्रिडरिश गाउसने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या कंपास आणि पट्टीने काढता येतो हे ओळखलं आणि आपल्या रोजनिशीची सुरुवात त्या नोंदीने केली. १८०१च्या ग्रंथात पूर्ण नियम आला: विषम बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो तो बाजूंची संख्या या कुळातली मूळ संख्या किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हा. इतर बहुभुज काढता येत नाहीत याची सिद्धता १८३७मध्ये पिएर वान्त्सेलने दिली.

आता फ५ चा निकाल भूमितीत काय करतो बघा. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, कारण ती पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आज ठाऊक असलेला विषम बाजूंचा सर्वांत मोठा असा बहुभुज हाच. दोन बाजू वाढवून ४,२९,४९,६७,२९७ केल्या की तो काढता येत नाही. फर्माचा अंदाज खरा असता तर काढता आला असता. या दोघींमधली ४,२९,४९,६७,२९६ तर कुठल्याही २ च्या घातासारखी, दोन-दोन भाग करत सहज काढता येणारी. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची एकूण संख्याही तीच. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी फ५ ला ३२ बिटांच्या चौकटीत ठेवायचा प्रयत्न केला तर हाती फक्त १ उरतो.

फ५ च्या पुढे

फर्माच्या यादीतली पुढची, फ६, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. फॉर्तुने लँड्रीने १८८०मध्ये तिचे अवयव प्रसिद्ध केले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. लहान अवयव २५६ × १०७१ + १ असा; ल्युकासचा नियम इथेही पाळलेला, फक्त दर पायरीला दुप्पट होत १२८चे २५६ झालेले. फ७ साठी १९७० उजाडावं लागलं, फ८ साठी १९८०, फ९ साठी १९९०. फ१० आणि फ११ चेही अवयव पूर्ण पडले, फ१२ चे मात्र अजून नाहीत. फ२० आणि फ२४ संयुक्त आहेत हे पेपँच्या कसोटीने ठरलंय, पण त्यांचा एकही अवयव सापडलेला नाही. फ५ पासून फ३२ पर्यंत सगळ्याच्या सगळ्या संयुक्त. फ४ नंतर एकही मूळ मिळालेली नाही, आणि पुढे कधीच मिळणार नाही हेही सिद्ध झालेलं नाही.

निकाल न लागलेली पहिली संख्या फ३३. तिला २,५८,५८,२७,९७३ अंक आहेत, त्यामुळे पेपँच्या कसोटीचे वर्ग करणं आजच्या यंत्रांनाही झेपणारं नाही. तिथे शोध चालतो तो जुन्याच वाटेने: ३४,३५,९७,३८,३६८च्या (म्हणजे २ च्या ३५व्या घाताच्या) पटी घ्यायच्या, प्रत्येकीत १ मिळवायचा, मूळ असेल ती ठेवायची, २ चा वर्ग करत जायचं आणि शेवटच्या बाकीकडे बघायचं, ती −१ येते का.